तेल्हाऱ्याचा वजनकाटा

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. किराणा दुकानात डाळ-साखर जोखणारा नव्हे. माणसाने चढून उभे राहायचे, तसला. खाली लोखंडी बैठक, तिच्यावर काळे रबर, मागे उंच खांब आणि खांबाच्या माथ्यावर गोल तबकडी. तबकडीच्या काचेआड लाल काटा. माझा मूळचा पांढरा रंग आता पापुद्रे धरून निघतो आहे आणि काचेला कडेशी एक बारीक तडा आहे. पण काटा अजून सरळ चालतो. सध्या माझे दिवस सुखात चालले आहेत. ते सहज आले नाहीत. म्हणून माझी हकिकत, आणि माझ्याहून जास्त पौर्णिमा नावाच्या एका मुलीची हकिकत, तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म एका साध्या कारखान्यात झाला. हातोड्याचे आवाज आणि रंगाचा उग्र वास, एवढेच मला आठवते. ज्या कारागिराने मला जोडले, तो शेवटी स्वतः माझ्यावर उभा राहिला. काटा थरथरला, थांबला. त्याने माझ्या खांबावर थाप मारली आणि म्हणाला, "चांगला झालास गड्या!" आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी तेल्हाऱ्याला आलो, डॉक्टर चंद्रभान यांच्या दवाखान्यात. आजूबाजूला सगळा कपाशीचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या बायांच्या केसांना कापसाचे तंतू चिकटलेले असत. बहुतेक बाया लेकुरवाळ्या. आधी आई मूल कडेवर घेऊन माझ्यावर चढे, मग मूल कोणाकडे तरी देऊन एकटी चढे. दोन्हींतला फरक डॉक्टर तोंडी काढत आणि मोठ्याने सांगत. वजन वाढले असेल तर बाई तिथेच कानशिलावर बोटे मोडून लेकराची दृष्ट काढी. एखादी पुढच्या खेपेला गुळाचा खडा आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवी. काटा पुढे सरकला की माणसे हसतात, एवढेच शिक्षण मला त्या दवाखान्यात मिळाले.

पुढे डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. त्यांची मुलगी गीतांजली अमरावतीला एका अध्यापक विद्यालयात शिकवत होती. बारावी झालेली मुले-मुली तिथे शिकून प्राथमिक शाळेचे गुरुजी आणि बाई होतात. "बाबांचा काटा भंगारात द्यायचा नाही," असे म्हणून गीतांजली मॅडमनी मला टेम्पोत घातले आणि राजापेठेतल्या मुलींच्या वसतिगृहात आणले. वर्षातून एकदा होणाऱ्या आरोग्य तपासणीला मी उपयोगी पडेन, असा त्यांचा विचार. जागा मिळाली ती मेसच्या दाराशी, व्हरांड्यात.

तिथे माझे जुने शिक्षण उलटे झाले. तपासणी वर्षातून एकदा, पण मुली माझ्यावर रोज चढू लागल्या. जेवायला जाताना चढायच्या, जेवून येताना चढायच्या. काटा मागे गेला की टाळ्या, पुढे गेला की चेहरा उतरलेला. मी तोच, काटाही तोच. हसण्याची बाजू तेवढी बदलली होती. मला नवल वाटे, पण लोखंडाला कोण विचारतो?

पौर्णिमा त्याच वर्षी तिथे राहायला आली. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावची. वडील पुंजाराम आणि आई सुभद्रा यांचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पिकवायचे आणि बाजारात बसून विकायचे. मळ्याच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावर हाका मारून मारून पौर्णिमाचा आवाज खणखणीत झालेला. अंगाने भरलेली, चालणे झपझप, हसणे मोकळे. मेसच्या पार्बताबाईंची ती लाडकी, कारण जेवता जेवता ती हमखास ओरडायची, "मावशी, झुनका आजूक असन तं द्या ना!" माझ्याकडे तिचे लक्षही नसे. जेवायला जाताना दप्तर टेकवायला मी बरा, एवढीच आमची ओळख.

तिच्या मनात पुढे काय काय चालले होते ते मला कसे कळले, असे तुम्ही विचाराल. तिनेच ते नंतर नव्या विद्यार्थिनींना सांगितले, आणि सांगताना ती माझ्या शेजारच्या बाकावर बसली होती.

विद्यालयातल्या प्रत्येकाला खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ घ्यावा लागतो. पौर्णिमाचा पहिला पाठ संस्थेच्याच प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गावर होता. विषय मराठी. तिने पाखरांचे आवाज काढून दाखवले, पोरांकडून काढून घेतले. वर्ग रंगला. पाठ संपल्यावर मुले बाहेर गेली आणि चर्चा सुरू झाली. निरीक्षणाला देवराव सर होते. सर जुने, जाणकार आणि स्वभावाने हसरे. त्यांच्या कोट्या साऱ्या विद्यालयात प्रसिद्ध होत्या.

"आवाज उत्तम," सर म्हणाले. "प्रश्न चांगले. फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. पण पौर्णिमाबाई, फळा जरा पोरांना दिसू द्या की! तुम्ही उभ्या राहिल्या की अर्धा फळा गायब!"

सारे खो खो हसले. पौर्णिमाही हसली. सगळ्यांत मोठ्याने तीच हसली.

संध्याकाळी ती वसतिगृहात परतली, नेहमीप्रमाणे माझ्यापाशी दप्तर टेकवले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच चपला काढून माझ्यावर चढली.

मित्रांनो, यापुढचे मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्या तपशिलात शिकण्यासारखे काही नाही. ती रोज चढू लागली, मग दिवसातून अनेकदा. तिचे ताट भरलेले आत जाई आणि तसेच भरलेले परत येई. मोबाईलवर कोणी कोणी चवळीच्या शेंगेसारखे अंग कसे करावे ते सांगत असत, ते ती बघत बसे. काटा मागे गेला तरी तिला समाधान नसे. अजून थोडा मागे जावा, असे वाटे. हात गार पडू लागले. कंगव्यात केस गुंतून येऊ लागले. जिचे हसणे मेसच्या बाहेर ऐकू यायचे, ती बारीकसारीक गोष्टीवरून चिडू लागली.

आणि शाळेत ती फळ्याच्या मध्यभागी उभी राहीनाशी झाली. एका कडेला भिंतीशी चिकटून उभी राही आणि हात लांबवून लिही. तिचे मोत्यासारखे अक्षर वाकडे जाऊ लागले. तो खणखणीत आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचेना.

यातले कोणाच्या लक्षात आले? सांगायला वाईट वाटते, पण लोकांना फक्त तिचे बारीक होणे दिसले. "काय मस्त दिसून राहिली वं तू! आमाले बी सांग नं काय करते," असे मुली माझ्यासमोर म्हणायच्या. देवराव सर एकदा म्हणाले, "वा! आता दिसतो फळा!" तेही कौतुकानेच. तिला वाटले, आपण बरोबर वाटेवर आहोत. आजारी माणसाची पाठ थोपटली तर तो औषध घेईल कशाला?

एकीला मात्र ते पटत नव्हते. पौर्णिमाच्या खोलीतली दामिनी. अकोल्याच्या जुन्या शहरातली मुलगी, तोंडाने फटकळ. ती मेसच्या दारात तिला अडवायची.

"पौर्णिमा, तू जेवाले काहून नाही येऊन राहिली?"

"शाळेतच जेवली मी."

"खोटं नको बोलू. मी होती ना शाळेत."

"तुले काय करायचं हाय?" असे म्हणून पौर्णिमा निघून जाई.

शाळेत दुपारी मुलांना खिचडी असते. सरावाला गेलेले विद्यार्थी त्यांच्या पंगतीतच बसत. तिसरीतली आचल नावाची गोबऱ्या गालांची मुलगी रोज पौर्णिमाजवळची जागा पकडायची. पौर्णिमाबाई तिच्या फार आवडीच्या. बाईंसारखी वेणी, बाईंसारखे बोलणे. एक दिवस दामिनीने पाहिले की आचलने आपली थाळी हळूच पुढे सरकवून दिली. "काहून वं, पोट दुखते का?" दामिनीने विचारले. आचल मान हलवत म्हणाली, "नाही. बाई नाही खात, तं मी बी नाही खात."

हे पौर्णिमानेही ऐकले. पण तिने थाळीकडे पाहिले आणि तोंड फिरवले. त्या वेळी तिला ते जमेना. भूक, भीती आणि लाज यांचा असा गुंता झाला होता की आपल्या लाडक्या पोरीसाठीसुद्धा एक घास उचलायला हात होईना.

दामिनी त्याच दिवशी गीतांजली मॅडमना भेटली. बोलणे माझ्यासमोरच झाले. "मॅडम, मी चुगली करून राहिली असं वाटते मले," ती म्हणाली. तिचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "पण ती जेवत नाही. आणि तिले पाहून आता लेकरं बी जेवत नाहीत."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मैत्रीण विहिरीच्या काठावर असेल आणि तू हाक मारलीस, तर त्याला चुगली म्हणतात का?"

मॅडम विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवत. त्यांनी पौर्णिमाला बोलावले, पण उपदेश केला नाही. "मी रागावणार नाही तुला," त्या म्हणाल्या. "हा आजार आहे, खोड नव्हे. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातो ना? तसंच जायचं. मी येते सोबत."

पौर्णिमा आधी नाही म्हणाली. मग रडली. मग गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासले, औषधे दिली आणि तिला एका समुपदेशक ताईंकडे पाठवले. मनातले सगळे त्यांच्यापाशी बोलायचे, आणि जेवणाची घडी पुन्हा कशी बसवायची ते त्यांच्याबरोबर ठरवायचे. दर आठवड्याला तिकडे जाणे सुरू झाले.

दामिनीशी मात्र तिने बोलणे टाकले. "तू माही चुगली केली," एवढेच ती म्हणाली.

"केली," दामिनी म्हणाली. "नको बोलू माह्याशी. पण जेव."

काही दिवसांनी सुभद्राबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत मळ्यातली वांगी आणि तुरीच्या शेंगा. मॅडमनी त्यांना फोनवर नीट समजावले होते की जेवणाचा आग्रह करायचा नाही, टोमणा मारायचा नाही, नुसते जवळ बसायचे. त्या व्हरांड्यातून आत येत होत्या तोच त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अवं बाई! हा तं आपल्या डॉक्टरसायबाचा काटा हाय!"

पिशवी खाली ठेवून त्या माझ्या खांबाला हात लावून उभ्या राहिल्या, जुना सोयरा भेटावा तशा. पौर्णिमा शेजारी बाकावर मान खाली घालून बसली होती.

"तू वर्षाची व्हती," सुभद्राबाई सांगू लागल्या. "जुलाबानं पार सुकून गेलती. दर बाजाराच्या दिवशी तुले घेऊन याच्यावर चढो मी. आंधी तुले घेऊन, मंग एकटी. मले काही हा काटा वाचता येत नवता. मी आपली डॉक्टरचं तोंड पाहो. ते हसले का समजो, पोरगी सुधरून राहिली."

पौर्णिमाने वर पाहिले नाही. हळूच म्हणाली, "आई, तू एवढं करून मले मोठं केलं आन् मी हे असं करून बसली."

"काय केलं तू? आजारी पडली. तवा बी पडली व्हती, आता बी पडली. तवा मी तुह्यावर रागावली व्हती का?"

मग त्या दोघी कितीतरी वेळ बाकावर बसून तुरीच्या शेंगा सोलत राहिल्या. मला दवाखान्यातली कितीतरी लेकरे आठवली, पण त्यातली पौर्णिमा कोणती ते ओळखू आले नाही. मला चढणाऱ्याचे वजन कळते, नाव कळत नाही. शेंगा सोलता सोलता पौर्णिमाने एक दाणा तोंडात टाकला, मग आणखी एक. सुभद्राबाईंनी ते पाहिले आणि मुद्दाम दुसरीकडे पाहू लागल्या.

त्याच आठवड्यात गीतांजली मॅडमनी मला मेसच्या दारातून हलवले. "जेवणाच्या दारात काटा कशाला हवा?" त्या म्हणाल्या. दोघांनी मला उचलून सामानाच्या खोलीत नेले आणि एका मोडक्या कपाटाशेजारी उभे केले. वर कोणीतरी स्नेहसंमेलनाचे जुने पडदे टाकले. खरे सांगतो, मला वाईट वाटले. डॉक्टरांच्या दवाखान्यात ज्याला गुळाचा मान, त्याच्या नशिबी आता धूळ आणि झुरळे. काचेवरचा हा तडाही तिथलाच. कपाटाचे दार निसटून माझ्यावर आदळले होते.

थंडी सरता सरता स्नेहसंमेलन आले आणि पडदे न्यायला दोघी जणी खोलीत आल्या. एक दामिनी, दुसरी पौर्णिमा. मॅडमनी मुद्दाम दोघींना मिळून पाठवले असावे. दोघी न बोलता पडदे ओढू लागल्या. शेवटचा पडदा निघाला आणि मी उघडा पडलो.

पौर्णिमा थबकली. तिने चप्पल काढली, एक पाय माझ्या बैठकीवर ठेवला. मी तिच्या पायाचा भार ओळखला. काटा थोडा हलला.  दामिनी पडदा छातीशी धरून उभी राहिली.

पौर्णिमाने पाय खाली घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "मले भूक लागली. मेसमधी काय हाय आज?"

"रोडगे," दामिनी म्हणाली, आणि पडद्याच्या टोकाने डोळे टिपले. "वांग्याची भाजी."

"तू काहून रडून राहिली?"

"धूळ गेली डोयात."

दोघी हसू लागल्या, आणि मग बराच वेळ पडदे तिथेच पडून राहिले. त्या खोलीत इतके चांगले काही घडेल, असे मला वाटले नव्हते.

ती लगेच बरी झाली असे समजू नका. हा आजार पाय धुऊन निघून जाणारा पाहुणा नव्हे. कधी चार घास सुखाने जायचे, कधी ताट पाहूनच तिचा जीव घाबरा व्हायचा. पण आता ती ते लपवत नव्हती. दामिनीला सांगायची, "आज जमून नाही राहिलं," आणि दामिनी शेजारी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची. हळूहळू चांगले दिवस वाढत गेले. शाळेच्या पंगतीत ती घास उचलू लागली, तशी आचलही जेवू लागली. मी तिथे पडून होतो, पण मेसच्या बाजूने तिचे हसणे पुन्हा ऐकू येऊ लागले, म्हणून मला ते कळले.

पुढच्या वर्षी माझेही नशीब उघडले. कुंदन नावाच्या विद्यार्थ्याला चौथीवर गणिताचा पाठ घ्यायचा होता. घटक होता वजन. काहीतरी खरेखुरे साहित्य हवे म्हणून तो शोधत शोधत सामानाच्या खोलीत आला. त्याने मला पुसले, सांध्यांत तेल सोडले आणि ऑटोत घालून शाळेत नेले. कुंदन हाडकुळा, लाजरा मुलगा. मला नेताना त्याला घाम फुटला होता.

ही तीच शाळा. आचल आता चौथीत होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. मागच्या बाकावर, आपल्या पाठाची पाळी येण्याची वाट बघत, पौर्णिमा. दाराजवळ खुर्चीत देवराव सर.

कुंदनने पाठ चांगला सुरू केला. एका मुलाला माझ्यावर उभे केले, आकडा वाचला, नावासमोर फळ्यावर लिहिला. मग दुसऱ्याला. मुलांना मजा वाटू लागली. "सर, सगळ्यात जास्त कोन? सर, पयला नंबर कोनाचा?" असा गलका झाला. मग कुंदनने आचलचे नाव घेतले.

आचल उठली नाही. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. मागून एक पोरगा ओरडला, "आता काटा तुटते!" सारा वर्ग हसला. आणि आचल? तीही ओठ ताणून हसली.

पौर्णिमाने नंतर सांगितले, की त्या पोरीचे ते हसणे पाहिले आणि अंगावर काटा आला. ते हसणे तिच्या ओळखीचे होते.

दुसऱ्याचा पाठ चालू असताना मध्ये बोलायचे नाही, असा नियम आहे. पौर्णिमा उठली आणि सरळ पुढे आली.

"कुंदन सर, मी जरा मदत करू?" तिने विचारले. कुंदन घाबरला होता, त्याने चटकन मान हलवली. तिने फळ्यावरचे आकडे पुसले आणि मुलांकडे वळली. "माणसं मोजून मोजून हा काटा कंटाळला असन. आपन याले दुसरं काय मोजाले देऊ?"

 मग एक जण म्हणाला, "दप्तर!" दुसरी म्हणाली, "पान्याची बादली!" "बाई, सरांची गाडी!"

"आंधी दप्तर," पौर्णिमा म्हणाली. "आन् काटा वाचाचं काम आचलचं. आचल, ये. तुले चढायचं नाही. तू इथं उभी राहून आकडा सांगायचा, आन् कुंदन सर लिहितीन."

आचल आली. आधी भीत भीत, मग टाचा उंचावून. एकेकाने अंदाज करायचा, दप्तर ठेवायचे, आणि आचलने निकाल द्यायचा. दप्तरे झाली, बादली झाली, खिडकीतली वीटसुद्धा झाली. तिचा आवाज वाढत वाढत असा झाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले. कुंदनचाही धीर आला. किती दिवसांनी माझ्याभोवती असे हसणे झाले, ज्यात कोणाला काही बोचत नव्हते.

मुले खिचडीला गेली आणि चर्चा सुरू झाली. देवराव सर खुशीत होते. "पाठ झकास झाला," ते म्हणाले. "नियम मोडला, पण पाठ वाचला. फक्त कुंदन, तू स्वतः काट्यावर उभा राहू नको हं. काटा हलायचाच नाही!"

सगळे हसले. कुंदननेही मान खाली घालून हसून घेतले.

पौर्णिमा उभी राहिली. तिने दोन्ही हात बाकावर टेकवले.

"सर, मागच्या वर्षी तुमी मले म्हटलं होतं, फळा दिसू द्या."

देवराव सरांना आठवेना. "असेल म्हटलं. गमतीत."

"हो सर, गमतीतच. आन् मी बी हसली होती, म्हनून तुमाले वाटलं असन का मले लागलं नाही. पण सर, ते वाक्य मंग रोज माह्या ताटात येऊन बसे. मी कितीक महिने नीट जेवली नाही. माह्याकडं पाहून आचलनं खिचडी सोडली होती." तिने एक श्वास घेतला. "आमच्या पाठावर कितीही बोला सर. अक्षर वाकडं, आवाज लहान, सगळं सांगा. पण अंगावर नका बोलू. आमी बी मंग लेकरांच्या अंगावर बोलतो."

 सरांनी चष्मा काढला. "मी सहज बोललो होतो बाई," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पण सहज बोललं तरी बोललंच की."

दुसऱ्या दिवशी विद्यालयाच्या परिपाठात सर सगळ्यांसमोर उभे राहिले. "माझी गंमत चारचौघांत झाली होती," ते म्हणाले, "म्हणून माफीही चारचौघांत मागतो. पौर्णिमाबाई, कुंदन, चुकलं माझं. यापुढे पाठाच्या चर्चेत कोणाच्या शरीरावर बोलायचं नाही. मी बोललो तर मला थांबवा." त्यांना पुढे दोन-तीनदा थांबवावे लागले म्हणतात. जुनी सवय एका दिवसात जात नाही. पण ते थांबत.

मला परत वसतिगृहात न्यायला कोणी आले नाही, आणि ते बरेच झाले. चौथीच्या वर्गाचा कोपरा मला मिळाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर पौर्णिमा याच शाळेत बाई म्हणून लागली. मुलांची आरोग्य तपासणी असते तेव्हा ती मला पडद्याआड ठेवते. एकेक मूल येते, नर्सबाई आकडा पाहतात, पण मोठ्याने कोणी वाचत नाही. एरवी मी दगड, दप्तरे, वांगी आणि एकदा तर एक ओरडणारे बकरीचे पिल्लू जोखले आहे. ते स्थिर उभे राहीना, तेव्हा आचल त्याला घेऊन आपण होऊन माझ्यावर चढली, मग त्याला सोडून एकटी चढली, आणि दोन्हींतला फरक तिने फळ्यावर काढला. कोणी हसले नाही. सगळ्यांना पिल्लाचे वजन हवे होते.

पौर्णिमाबाईंना अजूनही एखाद्या दिवशी घास जड जातो. त्या दिवशी त्या दामिनीला अकोल्याला फोन लावतात. नव्या विद्यार्थिनींना त्या हे सगळे सांगतात ते याचसाठी, की बाई काय बोलते यापेक्षा बाई स्वतःशी कशी वागते, ते लेकरे आधी शिकतात.

मित्रांनो, माझी निगा राखायला फार लागत नाही. ओल्या फडक्याने पुसा, सांध्यांत थेंबभर तेल सोडा, माझ्यावर उड्या मारू नका. तुमची निगा माझ्याहून नाजूक आहे. कोणी कोणाच्या अंगावरून हसले, तर त्या हसण्यात आपले हसणे मिसळू नका. मित्राचे जेवण तुटले, मन उदास झाले, तर घरच्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला सांगा. ती चुगली नव्हे. आणि स्वतःचे असे काही होत असेल तर लपवू नका. मला खूप काही जोखता येते, पण कोण हुशार, कोण प्रेमळ, कोण वर्गाला हवेहवेसे, ते माझ्या तबकडीवर कुठेच लिहिलेले नाही. ते मला विचारू नका.

घंटा झाली वाटते. आज बाईंच्या वडिलांनी, पुंजाराम बुवांनी, मळ्यातून पाठवलेले भले मोठे कोहळे माझ्यावर ठेवले आहे आणि त्याचा अंदाज करता करता सगळ्यांना उशीर झाला. व्हरांड्यात पौर्णिमाबाईंचा आवाज घुमतो आहे, "चला रे, हात धुवा! मले बी वाढा, लय भूक लागली!" तुम्हीही जा. खिचडी गरम आहे तोवर जेवून घ्या. कोहळे राहू द्या माझ्यावरच. मला त्याचे काही ओझे नाही.